गच्चीवरून शहरावरचा नायट्रोजन डायऑक्साइड कसा मोजायचा: नाशिकसाठी मार्गदर्शक

गाड्यांच्या आणि बॉयलरच्या धुरातून तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड निळा प्रकाश शोषतो. ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्याच्या शोषणाचे चढउतार इतके वेगळे असतात की दुसऱ्या वायूशी सहसा गल्लत होत नाही. आकाशाचा उजेड स्पेक्ट्रोमीटरमध्ये (उजेडाचे रंग वेगळे करून प्रत्येकाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रात) घ्यायचा आणि त्यात हे चढउतार शोधायचे, एवढीच मूळ कल्पना. हवेचा नमुना भरून आणावा लागत नाही, रसायनं लागत नाहीत, लेसर लागत नाही. या पद्धतीचं लांबलचक नाव डिफरन्शियल ऑप्टिकल ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोस्कोपी. सगळे तिला डोआस म्हणतात. जर्मनीत उलरिश प्लॅट आणि डीटर पर्नर यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी तिची घडी बसवली. उपग्रहांवरची यंत्रंही हेच तत्त्व वापरतात.

हा लेख ज्यांनी कधी स्पेक्ट्रोमीटर हातात घेतला नाही, पण सोल्डरिंग, थोडं पायथन आणि गच्चीची किल्ली ज्यांच्याकडे आहे, अशांसाठी आहे.

आधी आकडा समजून घ्या

जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंत एक चौरस सेंटिमीटर रुंदीचा हवेचा उभा स्तंभ धरा. गर्दीच्या शहरावर त्यात नायट्रोजन डायऑक्साइडचे साधारण १०^१६ रेणू सापडू शकतात (^ ही खूण घातासाठी). या वायूच्या शोषणाचा जो बारीक, दातेरी भाग आपण वापरतो, तो ४४० नॅनोमीटरजवळ रेणूमागे अंदाजे २.५ × १०^-१९ चौरस सेंटिमीटर असतो. गुणाकार येतो ०.००२५. म्हणजे हजार फोटॉन निघाले तर अडीच कमी पोचतात, आणि ते अडीच आपल्याला मोजायचे आहेत.

आता दुसरी बाजू बघा. सूर्यप्रकाशात मुळातच फ्राउनहोफर रेषा, म्हणजे सूर्याच्या स्वतःच्या वायूंनी पाडलेल्या काळ्या रेषा असतात, आणि त्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या खुणांपेक्षा कितीतरी खोल असतात. त्या घालवण्यासाठी एका वर्णपटाला दुसऱ्या वर्णपटाने भागतात: क्षितिजाकडच्या तिरप्या कोनातला वर्णपट, भागिले सरळ वर बघून घेतलेला. म्हणूनच आपली नळी मोटरने वरखाली फिरते. पण दोन वर्णपटांच्या मधल्या वेळात स्पेक्ट्रोमीटर गरम होऊन रेषा ०.०१ नॅनोमीटर सरकल्या, तर भागाकारात हजारी दोन-तीनचा खोटा चढउतार उरतो. तो आपल्या वायूच्या खुणेइतकाच मोठा! म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: या दोन वर्णपटांमध्ये वायू सोडून आणखी काय बदललं? महागडं यंत्र घेऊन उन्हात उघडं ठेवणाऱ्यापेक्षा साधं यंत्र स्थिर तापमानात ठेवणाऱ्याचे आकडे चांगले येतात.

सामान

स्पेक्ट्रोमीटर हाच मोठा खर्च. छोटे, यूएसबीवर चालणारे, २०४८ पिक्सेलच्या डिटेक्टरचे स्पेक्ट्रोमीटर चालतात. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ते बरेचदा कपाटात पडून असतात, तिथे आधी विचारा. तरंगलांबीचा पल्ला ३५० ते ५२० नॅनोमीटरच्या आसपास असावा. १७० नॅनोमीटर २०४८ पिक्सेलवर पसरले की एका पिक्सेलला ०.०८३ नॅनोमीटर येतात. रेषेची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.५ ते ०.७ नॅनोमीटर हवी, म्हणजे एका रेषेवर सहा ते आठ पिक्सेल पडतात. चारपेक्षा कमी पडले तर रेषा किंचित सरकल्यावर तिचा आकारच बदलल्यासारखा दिसतो आणि कुठलंही सॉफ्टवेअर तो दोष पुरता धुऊन काढत नाही. अंगठ्याएवढे स्वस्त स्पेक्ट्रोमीटर मोड्यूल मिळतात, त्यांची रुंदी १० ते १५ नॅनोमीटर असते. त्यांच्यात नायट्रोजन डायऑक्साइडचे दाते पूर्ण सपाट होतात. पैसे वाचवायला ते घेऊ नका.

बाकीचं सामान असं: २५ मिलिमीटर व्यासाचं, ७५ मिलिमीटर नाभीय अंतराचं एका बाजूने सपाट भिंग, ४०० मायक्रॉन गाभ्याचा, दोन्ही टोकांना एसएमए ९०५ जोड असलेला दोन मीटरचा ऑप्टिकल फायबर, रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप, स्टेपर मोटर आणि वर्म गिअर, पेल्टियर पट्टी (विजेवर थंड किंवा गरम करणारी), तिचा कंट्रोलर आणि पंखे, थर्मोकोलचा जाड खोका, सिलिका जेल.

भिंग आणि फायबर धरणारा ॲल्युमिनियमचा नळकांड्याचा भाग अंबड किंवा सातपूरचा कुठलाही लेथवाला करून देईल. फक्त एसएमएच्या आट्या त्याच्याकडून पाडून घेण्याच्या भानगडीत पडू नका. त्या पाव इंच, ३६ आट्यांच्या असतात आणि तसा टॅप बहुतेक वर्कशॉपमध्ये नसतो. तयार एसएमए अडॅप्टर मागवा आणि लेथवाल्याला त्याच्या मापाचं भोक पाडायला सांगा.

पायरी १: नळी आणि भिंग

नळीच्या आतल्या भिंतीला मॅट काळा रंग द्या किंवा काळं मखमली कापड चिकटवा. नळी पीव्हीसी पाइपची असेल तर तिची आतली बाजू चकचकीत असते. तशीच ठेवली तर बाजूच्या पांढऱ्या भिंतीचा उजेड घरंगळत फायबरपर्यंत पोचतो. भिंगाच्या पुढे किमान १५ सेंटिमीटर नळी असू द्या, पावसापासून आणि तिरप्या उन्हापासून आडोसा होतो.

भिंगापासून फायबरचं अंतर ठरवायला उलटा मार्ग सोपा. फायबरचं स्पेक्ट्रोमीटरकडचं टोक काढून त्यात निळ्या एलईडीचा उजेड सोडा आणि रात्री नळी २० मीटरवरच्या भिंतीकडे रोखा. फायबर मागेपुढे करत भिंतीवरचा ठिपका सर्वांत लहान आणि काठाला स्पष्ट होईल तिथे घट्ट करा. ठिपका साधारण १०-११ सेंटिमीटरचा यायला हवा, म्हणजे नळीला आकाशाचा ०.३ अंश रुंद तुकडा दिसतो. पांढऱ्या टॉर्चने हे करू नका. साध्या काचेच्या भिंगाचा निळ्या प्रकाशासाठीचा नाभी बिंदू, भिंगावर लिहिलेल्या अंतरापेक्षा सव्वा मिलिमीटर अलीकडे असतो, आणि पांढऱ्या उजेडात तो चुकतो.

फायबर हलला, वाकला की त्यातून जाणाऱ्या प्रकाशाची वाटणी बदलते. मोटर नळी फिरवेल तेव्हा फायबरला ताण पडू नये म्हणून ३० सेंटिमीटर व्यासाचं एक सैल वेटोळं ठेवा आणि उरलेला भाग क्लिपने बांधून टाका.

पायरी २: खोका आणि तापमान

नाशिकमध्ये जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवर चाळिशी गाठतो. स्पेक्ट्रोमीटर थर्मोकोलच्या खोक्यात, पेल्टियरवर, २५ अंशांना धरा. हा आकडा विचार करून घेतलेला आहे. याच्याखाली, समजा १५ अंशांना ठेवला, तर डिटेक्टरचा अंधारातला प्रवाह कमी होतो खरा, पण दमट दिवसांत हवेचा दवबिंदू बाविसाच्या आसपास जातो आणि थंड स्पेक्ट्रोमीटरच्या आत आरशावर बाष्प धरतं. एकदा धरलेलं बाष्प वाळलं तरी डाग ठेवतं. सिलिका जेलची पुडी दर पंधरवड्याला बघा. रंग बदलला की कढईत मंद आचेवर भाजून परत वापरता येते (ही कढई स्वयंपाकात परत घेऊ नका).

तापमान अर्ध्या अंशाच्या आत राहिलं पाहिजे. सेन्सर खोक्याच्या हवेत लटकवण्याऐवजी स्पेक्ट्रोमीटरच्या धातूच्या अंगाला चिकटवा. खोक्यावर पांढरं पत्र्याचं छप्पर, आणि छप्पर व खोका यांच्यात हातभर मोकळी हवा. दुपारी वीज गेली तर तापमान पूर्ववत व्हायला तासभर लागतो, त्या तासाचे वर्णपट नंतर वगळावे लागतील. शक्य असेल तर पेल्टियरसकट सगळं यूपीएसवर घ्या. यूएसबीची तार पाच मीटरच्या पुढे नेऊ नका, म्हणजे संगणकही गच्चीवरच ठेवावा लागेल.

पायरी ३: जागा आणि दिशा

नळी कायम एकाच दिशेला बघणार, तेव्हा ती दिशा अशी निवडा की सूर्य कधी समोर येणार नाही. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे २१ जूनलाही सूर्य उत्तरेपासून ६५ अंश पूर्वेला उगवतो. त्यामुळे उत्तर ते ईशान्य हा पट्टा वर्षभर सुरक्षित. इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याच्या बाजूच्या गच्चीवरून उत्तर-ईशान्येला बघितलं की मुंबई नाका, द्वारका, पंचवटी असा गर्दीचा पट्टा नजरेखाली येतो. गंगापूर रोडवरून दक्षिणेला सातपूर-अंबडकडे बघण्याचा मोह होईल, पण हिवाळ्यात सूर्य त्याच बाजूला असतो.

समोर क्षितिजापर्यंत मोकळं हवं. डोंगर आणि नव्या इमारती मिळून खालचे एक-दोन अंश खातात, म्हणून नाशिकच्या गच्चीवरून नळी क्षितिजापासून ३ अंशांच्या खाली नेण्याचा हट्ट धरू नये.

सरळ वर बघण्याचीही एक गंमत आहे. २० मेच्या सुमारास आणि पुन्हा २३-२४ जुलैच्या सुमारास, शून्य सावलीच्या दिवशी, सूर्य नाशिकच्या बरोबर डोक्यावर येतो. मधल्या काळातही तो माथ्यापासून साडेतीन अंशांच्या आतच असतो. या दिवसांत दुपारी बारा ते सव्वा वाजेपर्यंत नळी ९० अंशांवर नेऊ नका. थेट ऊन भिंगातून फायबरवर एकवटलं तर फायबरचं टोक जळू शकतं. आणि भिंगाच्या नळीला डोळा लावून सूर्याकडे कधीही बघू नका, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट: तिपाईवरची, आपोआप वरखाली होणारी नळी लांबून संशयास्पद दिसते. सोसायटीला लेखी कळवा. देवळाली कॅम्पचा लष्करी भाग, नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्याचा परिसर, ओझरचं विमानतळ यांच्या आसपास परवानगीशिवाय असलं काही मांडूच नका.

पायरी ४: अंधार मोजा

उजेड नसतानाही डिटेक्टर आकडा दाखवतो. त्याचे दोन भाग असतात. एक इलेक्ट्रॉनिक पाया, जो प्रत्येक स्कॅनमागे ठरावीक असतो; दुसरा अंधारातला प्रवाह, जो वेळ आणि तापमानाबरोबर वाढतो. रात्री भिंगावर झाकण लावून, वर काळं कापड गुंडाळून, दोन नोंदी घ्या. पहिली, सर्वांत कमी वेळेचे एक हजार स्कॅन. दुसरी, दहा सेकंदांचा एक स्कॅन. पहिल्या नोंदीतून पाया मिळतो, दुसरीतून पाया वजा केला की सेकंदामागचा प्रवाह. दिवसाच्या प्रत्येक वर्णपटातून हे दोन्ही त्याच्या स्कॅनसंख्येच्या आणि वेळेच्या प्रमाणात वजा करायचे. नोंदी आठवड्यातून एकदा नव्याने घ्या. काही पिक्सेल कायम तापलेले असतात. त्यांची यादी करून पृथक्करणातून त्यांना सुट्टी द्या.

पायरी ५: तरंगलांबीची खूणगाठ

कुठला पिक्सेल किती नॅनोमीटरचा हे पाऱ्याच्या दिव्याने ठरवतात, कारण पाऱ्याच्या उजेडाच्या रेषा ठरलेल्या तरंगलांबींवरच पडतात. जुना सीएफएल दिवा चालतो, पण त्याच्या आतल्या पांढऱ्या लेपाचा निळा उजेड पाऱ्याच्या ४३५.८३ नॅनोमीटरच्या रेषेच्या पायथ्याशी मिसळतो. रेषेचा आकार अचूक हवा असेल तर घरगुती पाणी शुद्धीकरण यंत्रातली यूव्ही नळी घ्या. तिच्यात लेप नसतो, नुसता पारा असतो. तिचा २५४ नॅनोमीटरचा उजेड डोळ्यांना आणि कातडीला घातक आहे. नळी बंद डब्यात ठेवा, भोकासमोर खिडकीची साधी काच लावा आणि फायबर काचेपलीकडून दाखवा. काच २५४ चा उजेड अडवते, त्यामुळे त्याच रेषेचं दुप्पट तरंगलांबीवर, ५०७.३ नॅनोमीटरला, दिसणारं भूतही (खोटी रेषा) जातं. दिवा पाच मिनिटं तापू द्या.

३६५.०२, ४०४.६६, ४०७.७८ आणि ४३५.८३ या रेषा शोधा. सर्वांत उंच पिक्सेल हा मध्य मानू नका. आजूबाजूच्या पिक्सेलमधून गॉसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) बसवून मध्य काढा. मग द्विघाती बहुपदी बसवा. ४३६ च्या पुढे ४९० पर्यंत पाऱ्याची उपयोगी रेषा नाही, म्हणून तिथला भाग सूर्याच्या रेषांनी तपासायचा: कॅल्शियमच्या ३९३.३७, ३९६.८५ आणि ४२२.६७, आणि हायड्रोजनची ४८६.१३. ही शेवटची जागेवर बसली की काम झालं.

४३५.८३ च्या रेषेचा मोजलेला आकार जपून ठेवा. प्रयोगशाळेत बारीक तपशिलाने मोजलेले शोषण-छेद (कुठल्या तरंगलांबीला वायूचा एक रेणू किती प्रकाश शोषतो त्याचे आकडे) तुमच्या यंत्राच्या नजरेइतके धूसर करायला तोच लागतो.

पायरी ६: कोन

१० अंश मोजताना प्रत्यक्षात नळी ११ वर असेल तर उत्तरात दहा टक्क्यांहून जास्त फरक पडतो. ३ अंशांवर तर तिपटीने जास्त. नळीवर स्पिरिट लेव्हल ठेवून शून्य धरणं ही फक्त सुरुवात, कारण भिंगाचा अक्ष आणि नळीची पाठ समांतर असतेच असं नाही. रात्री समोरच्या गच्चीवर, तुमच्या भिंगाच्या नेमक्या उंचीला, एक दिवा ठेवा. पारदर्शक पाइपमध्ये पाणी भरून गवंडी जशी लेव्हल काढतात तशीच ही उंची काढता येते. मग नळी -२ ते +२ अंशांपर्यंत ०.१ च्या पावलाने फिरवा. जिथे सर्वांत जास्त उजेड, तिथे खरा शून्य.

गिअरमध्ये ढिलाई असते. प्रत्येक कोनाला कायम खालून वर येत पोचा, म्हणजे ढिलाई दरवेळी एकाच बाजूला पडेल.

पायरी ७: मोटर लावण्याआधीची परीक्षा

इथे घाई करू नका. मोटर बाजूला ठेवून नळी नुसती सरळ वर बांधा आणि एक निरभ्र दिवस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत वर्णपट घ्या. दुपारचा वर्णपट संदर्भ धरून बाकीचे त्याने भागा. नाशिकचा सौर मध्यान्ह घड्याळात सरासरी १२:३५ ला होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:४९.

यंत्र ठीक असेल तर सूर्य क्षितिजाकडे जाताना नायट्रोजन डायऑक्साइडचा आकडा गुळगुळीत वक्राने वर चढताना दिसतो. हा शहराचा धूर नव्हे. २० ते ४० किलोमीटर उंचीवरच्या स्थितांबरातला वायू आहे, आणि उतरत्या सूर्याचा प्रकाश त्याच्यातून फार लांब तिरपा प्रवास करतो. संध्याकाळचा वक्र सकाळच्यापेक्षा उंच असायला हवा, कारण रात्रभर डायनायट्रोजन पेंटॉक्साइडमध्ये अडकलेला नायट्रोजन दिवसाच्या उजेडात सुटत जातो. हे दोन्ही दिसलं तर यंत्र, कॅलिब्रेशन आणि सॉफ्टवेअर तिन्ही पास. दिसलं नाही तर मोटर जोडून काहीही सुधारणार नाही. शक्य असेल तर ही परीक्षा त्र्यंबकच्या बाजूला, रहदारीपासून दूर घ्या, म्हणजे संध्याकाळच्या गाड्यांचा धूर वक्रात घुसणार नाही.

पायरी ८: रोजचं चक्र

कोनांचा क्रम: ९०, ३०, १५, १०, ५, ३ आणि पुन्हा ९०. प्रत्येकी एक मिनिट. प्रत्येक स्कॅनचा वेळ असा निवडा की डिटेक्टर ६० ते ७० टक्के भरेल. १६ बिटच्या यंत्रात कमाल आकडा ४०,००० ते ४५,००० च्या मध्ये. दिवसा हा वेळ काही दहा मिलिसेकंद येतो. माथ्याकडचं आणि क्षितिजाजवळचं आकाश सारखं उजळ नसतं, तेव्हा प्रत्येक कोनाला वेळ बदला, पण भरणा सारखा ठेवा. डिटेक्टर पूर्णपणे सरळ रेषेत वागत नाही. भरणा सारखा असला की दोन्ही वर्णपटांतला वाकडेपणा सारखाच राहतो आणि भागाकारात निघून जातो.

एका स्कॅनचं सिग्नल-गोंगाट गुणोत्तर २५० धरलं, तर हजार स्कॅनच्या बेरजेत ते वर्गमुळाने वाढतं: २५० गुणिले ३२, म्हणजे आठ हजार. दहा हजार स्कॅन केले तर आणखी तिप्पट व्हायला हवं, पण होत नाही. तोपर्यंत हवा बदललेली असते आणि यंत्राचे बारीक दोष गोंगाटाच्या वर डोकं काढतात.

पायथनच्या सीब्रीझ नावाच्या मुक्त लायब्ररीने अनेक छोटे स्पेक्ट्रोमीटर चालतात. प्रत्येक फाइलमध्ये वेळ, कोन, स्कॅनचा वेळ, स्कॅनसंख्या आणि खोक्याचं तापमान लिहा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची सवय लावा. भारतीय वेळ लिहून सॉफ्टवेअरला जागतिक म्हणून दिली तर सूर्य साडेपाच तास पुढे जातो आणि सगळे सूर्यकोन चुकतात. नवख्यांच्या हातून सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक हीच.

पायरी ९: पृथक्करण

बेल्जियमच्या अवकाश-वातावरण संस्थेचं क्यूडोआस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि भरवशाचं आहे. खिडकी, म्हणजे तपासायचा पट्टा, ४२५ ते ४९० नॅनोमीटर. शोषण-छेद असे: नायट्रोजन डायऑक्साइड (व्हान्डेले, १९९८, २९४ केल्विन), ओझोन, पाण्याची वाफ, ऑक्सिजनची जोडी म्हणजे ओ-फोर (थालमन आणि व्होल्कामर, २०१३), आणि रिंग परिणामाचा (हवेतल्या विखुरण्याने फ्राउनहोफर रेषा उथळ होण्याचा) वर्णपट, जो सॉफ्टवेअर स्वतः तयार करतं. पाचव्या घाताची बहुपदी, स्थिर ऑफसेट, आणि वर्णपटाला सरकण्याची मुभा. मायन्झच्या माक्स प्लांक संस्थेच्या वर्णपट-संग्रहात छेदांच्या फाइली मिळतात. पाण्याच्या वाफेची फाइल गाळू नका; ४४२ जवळ तिचा पट्टा आहे आणि ओल्या ऑक्टोबरात ती गाळली तर नायट्रोजन डायऑक्साइड चुकीचा येतो.

संदर्भ म्हणून त्याच चक्रातला ९० अंशांचा वर्णपट घ्या, शक्यतो आधीचा आणि नंतरचा मिळून. दहा मिनिटांत स्थितांबर फारसं बदलत नाही, त्यामुळे ते भागाकारात जातं आणि उरतो तो शहराचा वायू.

मग उरलेल्या फरकाचं चित्र बघा. त्याचा वर्गमध्यमूळ (आरएमएस) ०.०००५ च्या जवळपास असेल तर छान, ०.००१ च्या वर असेल तर तो वर्णपट टाकून द्या. आकड्यापेक्षा चित्र जास्त बोलतं. फ्राउनहोफर रेषांच्या जागी धारदार वरखाली दाते दिसले तर तरंगलांबी सरकली आहे, खोक्याचं तापमान तपासा. लांब, एकसारख्या लाटा दिसल्या तर कुठेतरी दोन समांतर काचांमध्ये प्रकाश उसळतोय. बहुधा भिंगासमोर लावलेली संरक्षक काच, ती दोन-तीन अंश तिरपी करा. उरलेला फरक प्रत्येक वर्णपटात हुबेहूब तसाच येत असेल तर शोषण-छेद चुकीच्या आकाराने धूसर केले आहेत, पायरी ५ ला परत जा. सगळे आकडे अचानक फिके पडले आणि उजेडही कमी झाला, तर नळीत डोकावा: कुंभारीण माशीला अशी अंधारी नळी घर बांधायला फार आवडते.

आकड्यांचा अर्थ

सॉफ्टवेअर देतं तो तिरपा फरक, म्हणजे त्या कोनातल्या आणि माथ्यावरच्या वाटेतल्या रेणूंचा फरक. उभा स्तंभ काढायला त्याला (१ ÷ कोनाची ज्या, म्हणजे साइन) वजा १ ने भागा. ३० अंशांना हा भाजक नेमका १ येतो, १५ अंशांना २.८६. समजा ३० अंशांना १.२ × १०^१६ आलं आणि १५ अंशांना ३.३ × १०^१६. दुसऱ्याला २.८६ ने भागलं की १.१५ × १०^१६. दोन्ही जवळ आहेत, म्हणजे हवा स्वच्छ होती आणि साधी भूमिती चालली. दोघांत २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर ढग, धुरकट किंवा जवळचाच एखादा धुराचा लोट. ते चक्र सोडून द्या. सूर्य माथ्यापासून ७५ अंशांपलीकडे गेल्यावरची चक्रंही या साध्या भागाकाराला देऊ नका.

जमिनीजवळचं प्रमाण हवं असेल तर ओ-फोर मदतीला येतो, कारण हवेत ऑक्सिजन किती हे आधीच ठाऊक आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. ३० अंश तापमानाला इथे घन सेंटिमीटरमध्ये हवेचे २.२६ × १०^१९ रेणू असतात, ऑक्सिजनचे ४.७ × १०^१८, आणि त्याचा वर्ग (ओ-फोर ही दोन रेणूंची जोडी, म्हणून वर्ग) २.२४ × १०^३७. ३ अंशांवर ओ-फोरचा फरक २.७ × १०^४३ आला, तर भागाकाराने प्रकाशाची वाट १२ किलोमीटर निघते. तेव्हाच नायट्रोजन डायऑक्साइडचा फरक १.१ × १०^१७ असेल तर वाटेतली सरासरी घन सेंटिमीटरला ९.२ × १०^१०, म्हणजे सुमारे ४ पीपीबी (हवेच्या अब्ज रेणूंत ४). प्रमाण परिस्थितीत एक पीपीबी म्हणजे घनमीटरला १.८८ मायक्रोग्रॅम, तेव्हा साधारण साडेसात मायक्रोग्रॅम. आपल्या देशाचं २००९ चं मानक २४ तासांच्या सरासरीला ८० आणि वर्षाला ४० मायक्रोग्रॅम आहे.

हा आकडा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्राशी जुळला नाही म्हणून यंत्रावर शंका घेऊ नका. ते केंद्र एका जागची, जमिनीजवळची हवा मोजतं. आपण काही किलोमीटरची, वर चढत जाणारी रेघ मोजतो. तिचा बराच भाग धुराच्या थराच्या वर असतो, म्हणून आपला आकडा सहसा कमीच येणार. जास्त न्याय्य तुलना उपग्रहाशी. सेंटिनेल-५पी वरचं ट्रोपोमी हे यंत्र नाशिकवरून दुपारी दोनच्या आगेमागे जातं आणि साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा तुकडा एका ठिपक्यात बघतं. त्याचे आकडे चौरस मीटरला मोल असे असतात, ०.०००१ मोल म्हणजे ६.०२ × १०^१५ रेणू प्रति चौरस सेंटिमीटर. वरच्या उदाहरणातला १.२ × १०^१६ चा स्तंभ उपग्रहाच्या भाषेत ०.०००२ झाला.

कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. हिवाळ्याच्या सकाळी थंड हवेच्या झाकणाखाली धूर साचतो, आणि दहानंतर ते झाकण उठताना आकडे कसे पसरतात हे बघण्यासारखं असतं. मेमध्ये धूळ आणि उष्मा, जून ते सप्टेंबर ढग. पावसाळ्यात नळी खाली उतरवून भिंग, आट्या आणि मोटर साफ करा. संक्रांतीच्या आठवड्यात मांजा मोटरच्या दांड्याला गुंडाळला जातो, तेवढे दिवस वरून जाळी टाका.

या यंत्राने काय होणार नाही

द्राक्ष-कांद्याच्या जिल्ह्यात हा प्रश्न हमखास येतो: पिकवणी खोलीतलं इथिलीन याच यंत्राने मोजता येईल का? नाही. इथिलीन दृश्य प्रकाश शोषत नाही. त्याचा ठळक पट्टा १०.५ मायक्रॉनला, अवरक्तात आहे. वाइनरीच्या आंबवणी टाक्यांभोवती साचणारा कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉनला शोषतो, आणि त्यासाठी तयार एनडीआयआर (अवरक्त प्रकाशाने वायू मोजणारे) सेन्सर मिळतात. माणसाच्या जिवाचा प्रश्न असलेल्या जागी तेच लावा, घरगुती प्रयोग नकोत. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातल्या २१० मेगावॉटच्या संचांच्या धुराड्यांतून निघणारा सल्फर डायऑक्साइड मात्र डोआसच्या आवाक्यातला आहे. त्याची खिडकी ३०५ ते ३१७ नॅनोमीटर. तिथे साधी काच चालत नाही: क्वार्ट्झचं भिंग, अतिनील फायबर, वेगळ्या जाळीचा (ग्रेटिंगचा) स्पेक्ट्रोमीटर आणि दृश्य उजेड अडवणारा फिल्टर, सगळं नव्याने घ्यावं लागतं. त्याला हात घालण्याआधी निळ्या खिडकीत एक पूर्ण हिवाळा काढा.